खडे मोजून मिसळलेली ज्वारी

एकाच डेटातून दोन पद्धतींनी काढलेल्या, आजारात बदलणाऱ्या जनुकांच्या दोन याद्या, आणि दोन्हींत सामाईक नावं निम्मीसुद्धा नाहीत. आमच्या कॉलेजच्या बायोटेक विभागातले सर त्या याद्या घेऊन आमच्या संख्याशास्त्र विभागात आले आणि म्हणाले, "मॅडम, यातली खरी कुठली ते सांगा. मला पोरांना प्रोजेक्टसाठी एकच यादी द्यायची आहे."

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर त्या डेटात नव्हतं. रक्ताच्या एका आजाराचे तीन रुग्ण, तीन निरोगी माणसं, आणि एका नमुन्यातली हजारो जनुकं किती चालू आहेत ते एकदम मोजणाऱ्या सहा मायक्रोअ‍ॅरे चिप्स. एका यादीमागे दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक आकड्यांच्या चढ-उताराशी ताडून पाहणारी नेहमीची टी-चाचणी होती, दुसरीमागे तिचीच सुधारलेली पद्धत, लिम्मा. कुठलं जनुक खरोखर बदललंय हे कोणालाच ठाऊक नसताना कुठली यादी बरोबर, हे ठरवायचं कशावरून? दोन्ही याद्यांत आलेली तेवढी नावं खरी धरावीत, असं सरांच्या मनात होतं. मला ते पटत नव्हतं. दोन पद्धती एकाच गोष्टीने फसल्या, तर त्या एकमेकींशी अगदी छान जुळतात.

चिप्स घ्यायला आणि स्कॅन करून घ्यायला आमच्याकडे पैसा नाही. पण जगभरच्या प्रयोगशाळांनी केलेल्या मायक्रोअ‍ॅरे प्रयोगांचे आकडे अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या 'जिओ' भांडारात 2000 सालापासून साठत आलेत आणि ते कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. मायक्रोअ‍ॅरे जुनं झालं, आता आरएनए सीक्वेन्सिंगचा, म्हणजे जनुकांचे तुकडे वाचून मोजण्याचा जमाना आहे, हे ऐकून आहे मी, आणि ते खरंही आहे. तरी सोलापूरसारख्या गावातल्या विद्यार्थ्याला माणसाच्या हजारो जनुकांच्या खऱ्या आकड्यांवर हात बसवायचा असेल, तर ते भांडार म्हणजे आजही मोठी ठेव आहे. ती नीट वापरायची तर पद्धत आधी तपासून घ्यायला हवी.

तपासायचं कसं, हे सरांना सांगताना मी ज्वारीचं उदाहरण घेतलं. मंगळवेढ्याची स्वच्छ निवडलेली मालदांडी घ्यायची, आपल्याच हाताने मोजून पन्नास खडे त्यात मिसळायचे आणि मग ती निवडायला द्यायची. निवडणाऱ्याने किती खडे काढले आणि खडे समजून किती दाणे फेकले, दोन्ही मोजता येतं, कारण उत्तर आपल्याकडे आहे. जनुकांच्या बाबतीतही तेच करायचं. खरा डेटा घ्यायचा, ज्यात दोन गटांमध्ये काही फरक नाही असा, आणि त्यातल्या निवडक जनुकांत आपण स्वतः बदल घालायचा.

सगळाच डेटा संगणकावर बनवता येतो, मग खरा कशाला, असं आमच्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याने विचारलं. पुढचं बरंचसं काम त्यानेच केलं. बनवलेल्या डेटात प्रत्येक जनुक एकटं असतं, घंटेच्या आकाराचं नॉर्मल वितरण पाळतं, शेजारच्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. खऱ्या पेशीत शेकडो जनुकं एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात. काहींचा व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांचा पसारा, अगदी बारीक असतो, काहींचा अफाट. ही सगळी गुंतागुंत आपल्याला नक्कल करून आणता येत नाही. म्हणून धान्य खरं आणि खडे आपले, असं ठरलं.

डेटा म्हणून बायोकंडक्टर या जनुकांच्या डेटासाठीच्या मोफत सॉफ्टवेअर-संग्रहातला एएलएल हा संच घेतला. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या 128 रुग्णांचे नमुने, प्रत्येकी 12,625 प्रोबसेट (चिपवरचे एकेका जनुकाचे मापक), आणि आकडे आरएमए पद्धतीने आधीच सारखे करून लॉग-दोनमध्ये दिलेले. लॉग-दोनमध्ये एकची वाढ म्हणजे दुप्पट, दोनची म्हणजे चौपट. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं वाचणं सोपं जातं. या संचात बी-पेशींच्या ल्युकेमियाचे, ज्यांच्यात ठरावीक जनुकीय बिघाडांपैकी एकही सापडला नाही असे 42 रुग्ण आहेत. बीसीआर आणि एबीएल1 ही दोन जनुकं जुळण्याचा बीसीआर-एबीएल बिघाड असलेले 37 आम्ही मुद्दाम बाजूला ठेवले. त्या दोन गटांची तुलना केली की एबीएल1 जनुकाचे प्रोबसेट यादीत अगदी वर येतात, म्हणजे तिथे खरा फरक आहेच. आम्हाला फरक नसलेली माणसं हवी होती.

पहिली पायरी खडे न मिसळण्याची. 42 जणांतून सहा जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, तीन इकडे, तीन तिकडे, आणि चाचणी लावायची. फरक घातलेलाच नाही, म्हणजे जे जनुक सापडेल ते खोटं. 12,625 चाचण्या 0.05 च्या पातळीवर, म्हणजे फरक नसताना पाच टक्के वेळा चुकीचा होकार चालेल अशा बेताने लावल्या, तर नुसत्या योगायोगाने सरासरी 631 जनुकं 'महत्त्वाची' ठरतात. यासाठीच बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची 1995 ची दुरुस्ती लावायची असते. ती लावली की यादीतल्या खोट्यांचं प्रमाण सरासरीने आपण ठरवलेल्या मर्यादेत राहतं.

'सरासरीने' या शब्दात किती काय दडलंय, ते आम्हाला याच पायरीवर दिसलं. संगणकाला रात्रभर असे गट पाडत बसवलं. मे महिना होता, दुपारी लॅबमध्ये पंख्याखालीही बसवत नसे, त्यामुळे सगळी जड कामं रात्रीच चालायची. सकाळी निकाल पाहिले. बहुतेक वेळा एकही जनुक सापडलेलं नव्हतं, अगदी हवं तसं. पण मधूनच एखाद्या वाटणीत ढीगभर जनुकं एकदम वर आलेली. विद्यार्थी स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, काहीच नाही नाहीतर एकदम शेकडा, असं व्हायलंय की हे!"

त्याचं कारण जनुकांच्या आपसातल्या नात्यात आहे. एकत्र हलणारा एक मोठा गट योगायोगाने तीन जणांत वर आणि तीन जणांत खाली पडला, की त्यातली सगळी जनुकं मिळून खोटी ठरतात. पी-मूल्यांचा, म्हणजे खरा फरक नसतानाही इतका फरक दिसण्याच्या शक्यतांचा, आलेख सपाट यायला हवा, तो काही वाटण्यांमध्ये डावीकडे झुकतो, काहींमध्ये उजवीकडे. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी मोठ्या प्रमाणावरच्या चाचण्यांबद्दल लिहिताना हाच मुद्दा मांडलाय, आणि तो मी वर्गात शिकवतेही. तरी आपल्या डोळ्यांसमोर, खऱ्या रुग्णांच्या आकड्यांत तो घडताना पाहणं वेगळं असतं. ज्याच्या हातात एकच प्रयोग आहे, त्याच्या यादीत पाच टक्के खोटी असतील, असं त्याने धरू नये. शून्य असतील किंवा निम्मी असतील. पाच टक्के हा आकडा असंख्य प्रयोगांच्या सरासरीचा आहे.

याच पायरीवर दुसरी गोष्ट सापडली, आणि माझ्या मते या सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची. खोट्या ठरलेल्या जनुकांमध्ये दोन नावं पुन्हा पुन्हा दिसत होती: आरपीएस4वाय1 आणि एक्सआयएसटी. पहिलं वाय गुणसूत्रावर असतं, म्हणजे पुरुषांतच. दुसरं स्त्रियांमध्ये एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय ठेवण्याचं काम करतं. ज्या वाटणीत एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया पडल्या, तिथे ही जनुकं वर येणारच होती. मग ती खोटी कशी? त्या दोन गटांत फरक खराच होता, फक्त आम्ही घातलेला नव्हता. ज्वारीत आधीपासूनच खडे होते. तिथून पुढे प्रत्येक वाटणीत दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवूनच गट पाडले.

आता खडे घालायचे. 500 प्रोबसेट निवडले, म्हणजे साधारण चार टक्के. निम्म्यांत एका गटाच्या आकड्यांना ठरावीक रक्कम मिळवली, निम्म्यांतून वजा केली. कधी अर्धा, म्हणजे साधारण 1.4 पट, कधी एक, कधी दोन. गट तीन विरुद्ध तीन, मग पाच-पाच, मग दहा-दहा. चार पद्धती रांगेत उभ्या केल्या: टी-चाचणी, आकड्यांऐवजी त्यांचे फक्त क्रम पाहणारी विल्कॉक्सन, सॅम आणि लिम्मा. सोबत नुसती सरासऱ्यांची वजाबाकी करून लावलेला क्रमही ठेवला, कारण जीवशास्त्राच्या लोकांचा त्याच्यावर फार जीव असतो.

विल्कॉक्सनचं काय होणार, हे कागदावरच कळतं. सहा जणांचे तीन-तीनचे गट 20 प्रकारे पडतात, म्हणून दोन्ही बाजूंनी पाहिलेलं सर्वांत लहान पी-मूल्य 2 भागिले 20, म्हणजे 0.1. दोन गटांचे आकडे कितीही दूर असोत, ही चाचणी 0.05 च्या खाली जाऊच शकत नाही. पाच-पाचला 252 प्रकार होतात आणि किमान मूल्य 0.008 च्या आसपास येतं. हजारो चाचण्यांची दुरुस्ती लावल्यावर तेही वाहून जातं. "वितरणाबद्दल काही गृहीत धरायला नको, म्हणून नॉन-पॅरामेट्रिक वापरा" हा सल्ला मी प्रबंधांच्या तोंडी परीक्षांत अनेकदा ऐकलाय. तीन-तीनच्या प्रयोगात तो सल्ला म्हणजे निकाल आधीच शून्य लिहून ठेवणं आहे.

टी-चाचणीची अडचण वेगळी. तीन आकड्यांवरून काढलेला व्हेरिअन्स फार डळमळीत असतो. बारा हजार जनुकांत काही असतातच, ज्यांचे तिन्ही आकडे योगायोगाने जवळजवळ एकाच जागी पडतात. भाजक इवलासा झाला की भागाकार फुगतो आणि ज्या जनुकात नाव घेण्याजोगा फरक नाही ते यादीत पहिल्या पानावर बसतं. आमच्या मिसळलेल्या 500 पैकी बरीचशी या फुगलेल्या जनुकांच्या खाली दबलेली दिसली.

सॅम आणि लिम्मा दोन्ही याच दुखण्यावरचे उपाय आहेत. तुशेर, टिबशिरानी आणि चू यांनी 2001 मध्ये मांडलेल्या सॅममध्ये भाजकात एक छोटी स्थिर रक्कम मिळवतात, म्हणजे तो शून्याजवळ जाऊ शकत नाही. नमुन्यांची अदलाबदल तीन-तीनमध्ये फक्त 20 प्रकारेच होते, पण सॅम सगळ्या जनुकांचे आकडे एकत्र धरतं, त्यामुळे तुलनेला 2,52,500 आकडे मिळतात. गॉर्डन स्मिथ यांनी 2004 मध्ये मांडलेली लिम्मामागची कल्पना मला त्याहून देखणी वाटते. प्रत्येक जनुकाचा स्वतःचा व्हेरिअन्स आणि सगळ्या जनुकांवरून अंदाजलेला एक समाईक व्हेरिअन्स, यांची वजनदार सरासरी घ्यायची. तीन-तीनच्या प्रयोगात जनुकाच्या स्वतःच्या आकड्याला चार मुक्तांशांचं (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांच्या संख्येचं) वजन असतं. समाईक आकड्याचं वजन डेटावरूनच ठरतं. तेही चार निघालं, तर दोघांना समान मान. नमुने वाढले की जनुकाचं स्वतःचं वजन वाढत जातं आणि उसनवारी आपोआप कमी होते. मी हे फळ्यावर लिहिते तेव्हा दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी वहीतून मान वर काढतो.

निकाल त्याप्रमाणेच आले. तीन-तीनमध्ये लिम्मा आणि सॅम टी-चाचणीच्या बरेच पुढे होते, आणि दुपटीचा बदल असलेली जनुकं त्यांनी पुष्कळ वर आणली. नुसत्या वजाबाकीचा क्रमही या आकाराला टी-चाचणीपेक्षा चांगला ठरला. जीवशास्त्राच्या लोकांचा जीव अगदीच अस्थानी नव्हता, एवढं मान्य करायला हवं. मात्र त्या क्रमात कुठे थांबायचं, हे सांगणारं काही नसतं, आणि मुळातच चंचल असलेली जनुकं त्यात वर घुसतात. दहा-दहाला पोहोचेपर्यंत लिम्मा, सॅम आणि टी-चाचणी यांच्यातलं अंतर जवळपास मिटलं. म्हणजे पद्धतीचा वाद ज्यांच्याकडे भरपूर नमुने आहेत त्यांच्यासाठी फारसा उरत नाही. ज्यांच्या हातात तीनच चिप्स आहेत त्यांना तो टाळून चालत नाही.

इथे थांबता आलं असतं, पण माझ्या मनात एक शंका होती. सगळ्या रुग्णांत अगदी सारखी रक्कम मिळवणं, हे लिम्माच्या गणितालाच धरून आहे. परीक्षा एका विद्यार्थ्याच्या सोयीने काढल्यासारखं झालं ते. म्हणून बदल घालण्याची तऱ्हा बदलली. आधी प्रत्येक रुग्णात बदलाची रक्कम थोडी कमी-जास्त ठेवली. मग दहा-दहाच्या गटात फक्त तीन-चार रुग्णांतच बदल घातला, बाकीच्यांना हात लावला नाही. पहिल्या प्रकारात सगळ्यांचेच गुण उतरले, क्रम मात्र टिकला. दुसऱ्या प्रकारात सरासरीवर चालणाऱ्या सगळ्याच पद्धती गळपटल्या, लिम्मासुद्धा. कॅन्सरमध्ये असा काही रुग्णांपुरता बदल नेहमीचा असतो. प्रोस्टेट कॅन्सरमधलं टीएमपीआरएसएस2 आणि ईआरजी या जनुकांचं जुळणं 2005 मध्ये सापडलं, तेही सरासरी न पाहता टोकाचे रुग्ण शोधणाऱ्या हिशोबातून. कुठली पद्धत सर्वांत चांगली, या प्रश्नात बदलाचा आकार आणि तऱ्हा न सांगता उत्तर मागू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

बदल कुठे घालतो, यानेही फरक पडतो. आम्ही तो आरएमए होऊन गेल्यानंतरच्या आकड्यांत घातला. खऱ्या प्रयोगात बदल पेशीत होतो आणि मग चिप, पार्श्वभूमीची वजावट, सारखं करणं, या सगळ्यातून जातो. चिपवर फिकट दिसणाऱ्या, म्हणजे कमी चालू असलेल्या जनुकांत खरा दुपटीचा बदल आकड्यांत येईपर्यंत आक्रसतो. ते पाहायला आम्ही चिप बनवणाऱ्या अ‍ॅफिमेट्रिक्सचा लॅटिन स्क्वेअर डेटा उतरवला. त्यात 42 आरएनए शून्यापासून 512 पिकोमोलरपर्यंत (द्रावणातल्या अतिसूक्ष्म मात्रेचं एकक) ठरलेल्या मात्रांत खरोखरच ओतलेले आहेत, 14 मिश्रणं, प्रत्येकाच्या तीन चिप्स. तिथे उत्तर प्रयोगशाळेतच ठरलेलं आहे, आणि कमी मात्रेच्या टोकाला बदल दबतो हे आलेखावर स्वच्छ दिसतं. मात्र त्या तीन चिप्स एकाच द्रावणाच्या असतात, तीन वेगळ्या माणसांच्या नसतात. माणसामाणसांतला फरकच नसल्याने तिथे साधी वजाबाकीसुद्धा हुशार दिसते. शिवाय त्या उत्तरपत्रिकेबाहेरचे आणखी 22 प्रोबसेटही ओतलेल्या आरएनएला प्रतिसाद देतात, हे 2006 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. ज्वारीत आधीच खडे असण्याची गोष्ट तिथेही होतीच.

आणखी एक प्रयोग करून पाहिला. बदल दोन्ही दिशांना न घालता सगळा वरच्या दिशेने घातला आणि प्रोबसेटचं प्रमाण चार टक्क्यांवरून वीसवर नेलं, मग क्वांटाइल नॉर्मलायझेशन पुन्हा चालवलं. ती क्रिया सगळ्या चिप्सचं वितरण एकसारखं करते, त्यामुळे वर गेलेल्यांची भरपाई म्हणून न बदललेली जनुकं खाली दाबली गेली आणि घटलेली म्हणून यादीत आली. बहुतेक जनुकं बदलत नाहीत, हे गृहीतक त्या क्रियेच्या पोटात आहे. नुसत्या चाचणीच्या पद्धतींची तुलना करणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

एवढं झाल्यावर सरांच्या याद्यांकडे वळलो. लिम्माची यादी जास्त विश्वासाची, हे सांगायला आता आधार होता. पण त्याआधी त्यांच्या सहा नमुन्यांत त्या दोन जनुकांचे आकडे काढून बघावेत, असं मी सुचवलं. डेटासोबतच्या माहितीत स्त्री की पुरुष हे लिहिलेलं नव्हतं. आकड्यांनी ते सांगितलं. आरपीएस4वाय1 तिन्ही रुग्णांत उंच, तिन्ही निरोगी माणसांत तळाला. एक्सआयएसटी बरोबर उलट. तिन्ही रुग्ण पुरुष, तिन्ही निरोगी स्त्रिया. ही दोन्ही जनुकं दोन्ही याद्यांत होती, आणि सामाईक म्हणून सरांनी ती पेनने गोल करून ठेवलेली होती.

अशा डेटात आजाराचा परिणाम आणि लिंगाचा परिणाम वेगळा काढणारी पद्धत असूच शकत नाही. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे यादी निवडायची नाही, डेटाच बदलायचा." त्यांनी त्याच आजाराचा दुसरा संच शोधलाय, दोन्ही गटांत स्त्री-पुरुष असलेला आणि नमुनेही जास्त असलेला. त्यावर लिम्मा लावताना लिंग हा घटक मॉडेलमध्ये घेतलाय, आणि आधी खडे न मिसळता गट पाडून पाहण्याची पायरी त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केली.

आमच्या विद्यार्थ्याने आता पुढचं हाती घेतलंय. सोलापूरजवळच्या केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, जिल्ह्यात तेल्या रोगाने बागा जातात हे तो लहानपणापासून पाहत आलाय. डाळिंबाच्या जनुकांवरचा जो डेटा उपलब्ध आहे तो सीक्वेन्सिंगचा, म्हणजे मोजणीच्या पूर्णांकांचा. तिथे लॉगमध्ये रक्कम मिळवून चालत नाही. मोजणीतून बायनॉमियल वितरणाने काही वाचनं गाळून बदल घालावा लागतो, म्हणजे आकडे पूर्णांकच राहतात आणि मोजणीचा स्वभावही टिकतो. त्याचा आर या संगणकीय भाषेतला कोड या आठवड्यात पहिल्यांदा सरळ चालला. गट पाडून पाहणं अजून बाकी आहे.